परराष्ट्र सेवेत नवे आहात? पहिल्या पोस्टिंगआधी ऐकण्या-लिहिण्या-बोलण्याची ही तयारी करा

दरवर्षी यूपीएससीचा निकाल लागला की ओळखीतल्या कोणाच्या तरी मुलाचा किंवा मुलीचा फोन येतो. आधी पेढ्यांचं बोलणं होतं, मग मूळ प्रश्न येतो: “परराष्ट्र सेवा मिळतेय. इंग्रजी बोलणं सुधारायला कुठला क्लास लावू?” कर्मचारी निवड आयोगाची (एसएससी) परीक्षा देऊन परराष्ट्र मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी म्हणून लागलेली मुलंही हेच विचारतात.

क्लास लावू नका. एवढी परीक्षा पास झालात, म्हणजे कामापुरतं इंग्रजी तुमच्याकडे आहे. पहिली काही वर्षं तुम्हाला भाषण करायला कोणी उभं करणार नाही. तुम्ही बैठकीत कडेच्या खुर्चीवर वही घेऊन बसाल, दुसऱ्यांचं बोलणं टिपाल, रात्री त्याचा मसुदा कराल आणि सकाळी कॉन्सुलर खिडकीवर, म्हणजे पासपोर्ट आणि अडचणीतल्या नागरिकांच्या कामांच्या खिडकीवर, लोकांचा राग झेलाल. ही कामं ज्याच्या अंगवळणी पडतात, त्याला पुढे बोलायलाही बसवतात. माझा बराचसा काळ कॉन्सुलर आणि व्यापार विभागात गेला, त्यामुळे खालचं सगळं त्या बाजूने लिहिलं आहे. राजकीय विभागातली मंडळी क्रम थोडा वेगळा लावतील, लावू देत.

रस्ता ठाऊक नसेल तर थोडक्यात सांगतो. यूपीएससीतून आलेल्यांचा पायाभूत अभ्यासक्रम मसुरीला होतो. मग दिल्लीत सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत प्रशिक्षण. ही संस्था १९८६ ची, नाव २०२० मध्ये बदललं, त्यामुळे जुने लोक अजून ‘एफएसआय’च (फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट) म्हणतात. त्यानंतर मंत्रालयात डेस्कवर काम, एक परकीय भाषा, आणि ती भाषा शिकण्यासाठी तृतीय सचिव (दूतावासातला सगळ्यात कनिष्ठ राजनैतिक हुद्दा) म्हणून पहिली पोस्टिंग. एसएससीतून आलेले आधी दिल्लीत फायली हाताळतात आणि मग परदेशी जातात. वाट कुठलीही असो, तयारी सारखीच.

१. आधी आपली चौकट वाचा

राजनैतिक संबंधांचा व्हिएन्ना करार (१९६१) आणि वाणिज्यदूतीय, म्हणजेच कॉन्सुलर, संबंधांचा व्हिएन्ना करार (१९६३) हे दोन्ही मुळातून वाचा. एका रविवारचं काम आहे. नोट्स काढलेल्या पुस्तकातून वाचू नका, कलमंच वाचा.

पहिल्या करारातलं ४१ वं कलम तर पाठच करा. यजमान देशाचे कायदे पाळायचे, त्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही आणि सरकारी काम त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या मार्फत किंवा त्याने मान्य केलेल्या वाटेने करायचं. नवव्या कलमानुसार यजमान देश तुम्हाला कधीही, कारण न सांगता, ‘नको असलेली व्यक्ती’ ठरवू शकतो. औंधच्या राजघराण्यातले आप्पा पंत १९४८ मध्ये ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. आफ्रिकी नेत्यांशी त्यांनी जोडलेला स्नेह भारताच्या दृष्टीने मोलाचा होता, पण वसाहतीच्या सरकारला तोच खुपत राहिला आणि शेवटी त्यांना तिथून हलावं लागलं. माणसं जोडणं आणि ढवळाढवळ यांच्यातली रेघ यजमान आखतो, आपण नाही.

दुसरा सापळा अटक आणि खटल्यापासूनच्या संरक्षणाचा. ‘डिप्लोमॅटला कोणी हात लावू शकत नाही’ हे अर्धसत्य आहे. दूतावासातल्या राजनैतिक अधिकाऱ्याला व्यापक संरक्षण असतं. वाणिज्य दूतावासातल्या (कॉन्सुलेटमधल्या) अधिकाऱ्याला ते मुख्यतः कार्यालयीन कामापुरतं असतं. २०१३ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये भारताच्या उप-महावाणिज्यदूतांना घरकामगाराच्या व्हिसा आणि पगाराच्या प्रकरणात अटक झाली, तेव्हा हा फरक सगळ्या देशाला कळला. घरी मदतनीस नेणार असाल तर करारपत्र, पगार आणि स्थानिक किमान वेतन यांची माहिती दूतावासाच्या प्रशासन विभागाकडून लेखी घ्या. तोंडी “सगळे असंच करतात” यावर जाऊ नका.

आता बोलण्याचं. परदेशात पाऊल ठेवलं की तुमचं ‘वैयक्तिक मत’ संपलं. जेवताना सहज बोललेलं वाक्य समोरचा माणूस त्याच्या कार्यालयात ‘भारतीय दूतावासाचे म्हणणे’ म्हणून नोंदवतो; तेच त्याचं काम आहे. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही हाच नियम. तिथे गणपतीच्या वर्गणीबद्दल खुशाल लिहा. निवडणुका, सीमा, शेजारी देश यांवरचं काहीही पुढे ढकलू नका, हसरा चेहरासुद्धा टाकू नका. आणि एक वाक्य जिभेवर बसवून ठेवा: “याबाबतची आमची भूमिका तपासून मी तुम्हाला कळवतो.” ते म्हटल्यावर खरंच कळवा. दोनदा कळवलं नाहीत की ते वाक्य बाद झालं.

२. टिपायला शिका

बैठकीत दोन्ही बाजूंचा एकेक माणूस नोंदी घेत असतो. आपल्या बाजूचा तो माणूस म्हणजे तुम्ही. सगळ्यात कनिष्ठाचं काम म्हणून हे हलकं वाटतं. प्रत्यक्षात सहा महिन्यांनी ‘त्या दिवशी ते नक्की काय म्हणाले होते’ असा प्रश्न निघतो, तेव्हा राजदूतांच्या आठवणीपेक्षा तुमची वही चालते. पेशवाईतले आपले वकील, दिल्लीत हिंगणे, निजामाकडे गोविंदराव काळे, पुण्याला पत्रं लिहीत ती हाच धंदा होता: दरबारात काय घडलं, कोण काय बोललं, वारं कुठे वाहतंय.

लॅपटॉप नको, फोन तर बाहेरच ठेवावा लागतो. साधी वही घ्या. पानाला उभी रेघ मारा. डावीकडे बोलणाऱ्याची आद्याक्षरं आणि वेळ, उजवीकडे बोलणं. सगळं टिपणं कोणालाच जमत नाही. आकडे, तारखा, माणसांची नावं आणि क्रियापदं मात्र शब्दशः उतरवा. क्रियापद का, ते उदाहरणातूनच बघा.

समजा आपला व्यापार विभाग डाळिंबाच्या आयातीसाठी यजमान देशाच्या कृषी खात्याकडे गेला आहे. नव्या अधिकाऱ्याची नोंद बहुधा अशी येते:

“डाळिंब आयातीबाबत सकारात्मक चर्चा झाली. संचालकांनी सहकार्याचे आश्वासन दिले. लवकरच तपासणी पथक भारतात येईल.”

वाचायला छान, कामाला शून्य. तीच बैठक नीट टिपलेली अशी दिसते:

“संचालक: फळमाशीवरच्या उपचाराची माहिती अपुरी. ती पूर्ण मिळाल्यावर पथक पाठवण्याचा ‘विचार करू’. आपण विचारले: पथक या हंगामाआधी येईल का? उत्तर नाही, संचालकांनी शेजारच्या महिला अधिकाऱ्याकडे पाहिले. त्या म्हणाल्या, पथकाचा खर्च कोण करणार हे ठरलेले नाही. खर्चाचा मुद्दा आज प्रथमच निघाला.”

पहिल्या नोंदीवरून दिल्ली पथकाची वाट बघत बसते. दुसरीवरून कळतं की अडलेलं काम माहितीच्या कागदावर आणि पैशावर आहे, आणि यापुढे भेटायचं ते त्या बाईंना. फळांच्या बाबतीत ही बोलणी किती लांबतात हे कोकणाला आणि नाशिकला सांगायला नको. आपल्या आंब्याला अमेरिकेचं दार २००७ मध्ये उघडलं, तेही फळांवर विकिरण प्रक्रिया करण्याच्या अटीवर. युरोपीय संघाने २०१४ च्या मे महिन्यात फळमाशीच्या कारणावरून हापूस बंद केला, तो पुढच्या वर्षी जानेवारीत सुरू झाला. मधल्या काळात कोणी ना कोणी अशाच वह्या भरत असतं.

दुभाषा असेल तर तुमची चंगळ. मूळ बोलणं चालू असताना चेहरे बघा, भाषांतर चालू असताना लिहा. कोणता प्रश्न टाळला गेला, कोणता कागद पुढे सरकवून परत घेतला, कोण मध्येच बाहेर जाऊन आलं, हेही टिपा.

मान डोलावू नका. समोरचा बोलत असताना ‘हं, हं’ करत मान हलवायची आपली सवय ‘ऐकतोय’ एवढंच सांगत असते, पण समोरच्या बाजूचा नोंद घेणारा त्याची संमती करून टाकू शकतो. बैठकीत मान स्थिर ठेवायचा सराव घरी आरशासमोर करा. हसू येईल, पण करा.

मसुदा त्याच रात्री लिहायचा. तुमचं स्वतःचं मत त्यात मिसळायचं नाही. शेवटी ‘टिप्पणी’ असं वेगळं शीर्षक देऊन दोन-तीन ओळींत द्यायचं. वरिष्ठ बोलताना अडखळले असतील, तर ते दुरुस्त करून घ्यायचा अधिकार त्यांचा. तुम्ही परस्पर त्यांचं वाक्य सुंदर करू नका.

३. कुठला कागद कशासाठी, ते ओळखा

शाळेतला निबंध, यूपीएससीचं उत्तर आणि दूतावासातला कागद यांचा एकमेकांशी संबंध नाही. सुरुवातीला चार प्रकार हाताखालून जातील.

पहिला, नोट व्हर्बाल. एका देशाच्या दूतावासाने दुसऱ्या देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाला लिहिलेलं औपचारिक पत्र. ते तृतीय पुरुषात असतं: दूतावास मंत्रालयाला अभिवादन करतो, कळवण्याचा सन्मान घेतो आणि शेवटी आदराची पुनरुक्ती करतो. खाली पूर्ण सही नसते, आद्याक्षरं आणि शिक्का असतो. विषय कितीही कडू असला तरी हा साचा सहसा तसाच राहतो. नवखे लोक दोन चुका करतात. रागाच्या भरात मधल्या परिच्छेदात विशेषणं घालतात, किंवा क्रमांक-तारखेकडे दुर्लक्ष करतात. क्रमांक आणि तारीख हाच त्या कागदाचा जीव.

कुलभूषण जाधव प्रकरण आठवा. २५ मार्च २०१६ ला पाकिस्तानने अटकेचा विषय भारतीय उच्चायुक्तांपुढे काढला आणि त्याच दिवशी आपल्या उच्चायोगाने नोट व्हर्बाल पाठवून जाधवांना भेटू देण्याची मागणी केली. पुढे दहाहून अधिक नोट्स गेल्या. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ च्या निकालात १५ विरुद्ध १ अशा बहुमताने पाकिस्तानने वाणिज्यदूतीय कराराच्या ३६ व्या कलमाचा (अटकेतल्या नागरिकाला त्याच्या देशाच्या अधिकाऱ्यांना भेटू देण्याचं कलम) भंग केल्याचं म्हटलं, तेव्हा त्या नोट्सच्या तारखा निकालपत्रात आल्या. नागपूरच्या हरीश साळवेंचा युक्तिवाद आपण टीव्हीवर पाहिला. त्या युक्तिवादाखालचे कागद कोण्या कनिष्ठ अधिकाऱ्याने वेळच्या वेळी टंकून, शिक्का मारून, पोच घेऊन ठेवले होते. पोच घ्यायला विसरू नका, हे त्यासाठीच सांगतोय.

दुसरा, वरिष्ठांसाठी बोलण्याचे मुद्दे. एक पान. आपल्याला काय हवं, ते काय म्हणतील, त्यावर आपलं उत्तर काय. ‘विचारलं तरच बोलायचं’ असे मुद्दे वेगळ्या चौकटीत, नाहीतर घाईत वरिष्ठ तेच आधी वाचून दाखवतात.

तिसरा, दिल्लीला पाठवायचा अहवाल. दिल्लीत तुमच्या देशाचं काम बघणारा डेस्क अधिकारी अनेक देशांचं वाचत असतो. पहिल्या परिच्छेदात सगळं आलं पाहिजे: काय घडलं, आपल्याला त्याचं काय, आता काय करायचं. इतिहास खाली.

चौथा, नागरिकांसाठी सूचना. हा सगळ्यात अवघड, कारण वाचणारा घाबरलेला असतो. २ मार्च २०२२ ला खार्कीव्हमधल्या भारतीयांसाठी कीव्हच्या आपल्या दूतावासाने दिलेली सूचना काढून वाचा. शहर ताबडतोब सोडा. पेसोचिन, बाबाये, बेझलुदोव्का या तीन ठिकाणी जा. आज संध्याकाळी सहाच्या आत पोहोचा, युक्रेनच्या वेळेनुसार. ‘युक्रेनच्या वेळेनुसार’ हे शब्द किती महत्त्वाचे, ते मुलांचे पालक साडेतीन तास पुढच्या घड्याळाकडे बघत महाराष्ट्रात बसले होते, त्यांना विचारा. अशा कागदात ‘शक्यतो’, ‘योग्य ती काळजी घ्यावी’, ‘परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत’ यांना जागा नसते.

४. भाषा शिका, पण ती कुठे वापरायची तेही शिका

मिळालेल्या परकीय भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरीत कायम होता येत नाही, त्यामुळे अभ्यास तुम्ही करालच. भाषेतून पुढे किती लांब जाता येतं हे आपल्याच माणसांकडे पाहून कळतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावचे ज्ञानेश्वर मुळे जपानी शिकून टोकियोत राहिले. विजय गोखले चिनी शिकले, पुढे बीजिंगला राजदूत झाले आणि मग परराष्ट्र सचिव. पुण्याचे गौतम बंबावालेही चीनमध्ये राजदूत होते.

सापळा एकच, भारतीयांचा कोंडाळा. पहिल्या महिन्यात कोणीतरी प्रेमाने पोहे खायला बोलावतं, मग दर रविवारी तेच. तीन वर्षांनी भाषा दुकानदाराशी बोलण्यापुरती उरते. जमल्यास स्थानिक कुटुंबात खोली घ्या. आकडे, तारखा आणि फोनवरचं बोलणं आधी पक्कं करा, कविता नंतर.

वाटाघाटीत मात्र भाषा येत असली तरी दुभाषा घ्या. स्वागत, चौकशी, आभार त्यांच्या भाषेत. मुद्द्याचं बोलणं आपल्या. विचार करायला दुप्पट वेळ मिळतो, आणि शब्द चुकला तरी तो तुमच्या तोंडी राहत नाही.

इंग्रजीच्या उच्चारांची चिंता सोडा, वेग कमी करा. समोरचाही बहुतेक वेळा शिकलेलंच इंग्रजी बोलत असतो. दिल्लीत हिंदीशिवाय चालणार नाही. आपली ‘मेरे को’वाली मुंबईची हिंदी फायलीवर चालत नाही एवढंच.

५. खिडकीवर आणि फोनवर

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण प्रशिक्षणात याला मिळायला हवा तेवढा वेळ मिळत नाही.

आखातातल्या कुठल्याही दूतावासात मराठी येणारा अधिकारी म्हणजे कोकणाला मोठा आधार. समजा मंडणगडहून फोन आला आहे. पुतण्या इथे कामाला होता, तो वारला. काका विचारतात, “साहेब, बॉडी कधी येणार?”

“प्रोसेस चालू आहे” हे उत्तर खरं असतं आणि क्रूरही. असं बोला: “काका, तीन गोष्टी व्हायच्या आहेत. पोलिसांचा ना-हरकत कागद कालच मिळाला. दवाखान्यातून मृत्यूचा दाखला यायचा आहे, आज शुक्रवार म्हणून ते ऑफिस बंद आहे. तो आला की आपण पासपोर्ट रद्द करून आमचं ना-हरकत पत्र देतो. तुमच्याकडून संमतीपत्र लागेल, त्याचा नमुना आत्ता फोनवर पाठवतो. मी रविवारी दुपारी दोनच्या आत, आपल्या तिकडच्या वेळेनं, तुम्हाला फोन करतो. नवीन काही नसलं तरी करतो.”

यात तुम्ही तारीख दिली नाही, कारण ती तुमच्या हातात नाही. फोनची वेळ दिलीत, कारण ती तुमच्या हातात आहे. हा फरक सांभाळता आला की निम्मं कॉन्सुलर काम आलं. आणि हा फोन एकट्या काकांना करून भागत नाही. घरात निर्णय कोण घेतं ते हळूच विचारून घ्या: “घरी अजून कोणाशी बोलू का?” पत्नी असेल तर तिच्याशी स्वतः बोला. पगाराची थकबाकी, नुकसानभरपाई यांचे कागद तिच्या सहीने होतात, आणि बऱ्याचदा तिला सगळ्यात शेवटी कळतं.

साधनं माहीत असू द्या. तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंदवता येते, ते २०१५ पासून आहे. नोंद क्रमांक कुटुंबाला द्या. अडचणीतल्या गरजूंसाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. त्यातून काय देता येतं आणि काय नाही, याचे नियम खिशात ठेवा. पासपोर्ट हरवलेल्याला घरी जायचं असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, पण ते फक्त भारतात परतण्यापुरतं. हे आधीच सांगितलं नाहीत तर तो माणूस विमानतळावरून तुम्हाला शिव्या घालेल, आणि त्याचं काही चुकलेलं नसेल.

समोरचा ओरडतोय तेव्हा आवाज चढवू नका, आणि अतिशांतही होऊ नका; त्याने माणूस जास्त भडकतो. त्याचं म्हणणं दोन वाक्यांत त्यालाच परत सांगा, “म्हणजे मालकानं पासपोर्ट ठेवून घेतलाय आणि तीन महिन्यांचा पगार नाही, बरोबर?” आपलं ऐकलं गेलं हे कळलं की बहुतेक लोक खाली बसतात.

६. पार्ट्या, जेवणं, कार्डं

याबद्दल लोक फार विचारतात, खरं तर हे सोपं आहे.

आमंत्रणाला वेळेत होकार किंवा नकार कळवा. शाकाहारी असाल तर तेव्हाच सांगा, टेबलावर बसल्यावर नको. दारू घेत नसाल तर सरबताचा ग्लास उचला, खुलासा देत बसू नका. यजमानाच्या उजव्या हाताची जागा मुख्य पाहुण्याची, तिथे चुकूनही टेकू नका. गाडीत ज्येष्ठ माणूस मागे, ड्रायव्हरच्या तिरक्या बाजूला. जपान, चीन, कोरियात कार्ड दोन्ही हातांनी द्या, मिळालेलं वाचा आणि मगच ठेवा. रशियात उंबरठ्यावरून हात मिळवू नका. अरब देशांत देणं-घेणं उजव्या हाताने.

संध्याकाळभरात दोन नवी माणसं नीट भेटली तरी पुरे. घरी आल्यावर कार्डाच्या मागे लिहा: कुठे भेटले, काय बोलणं झालं, मुलगी पुण्यात शिकते वगैरे. आपल्या लोकांशीच घोळका करून समोसे खात उभं राहायचं असेल तर घरी थांबलेलं बरं.

परदेशी जायच्या आधी सराव हवा असेल तर इथेच मिळतो. मुंबईत अनेक देशांचे वाणिज्य दूतावास आहेत. २०२३ मध्ये जी-२० च्या बैठका पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर, नागपूर इथे झाल्या. असं काही जवळपास असेल तर संपर्क अधिकाऱ्याचं किंवा स्वयंसेवकाचं काम मागून घ्या. पाहुण्याचं हरवलेलं सामान शोधताना राजशिष्टाचार जितका कळतो, तितका पुस्तकात कळत नाही.

७. नकार द्यायची तयारी

भीड भिकेची बहीण म्हणतात, ते या नोकरीत रोज आठवतं. पोस्टिंगची बातमी गावात पोहोचली की व्हिसासाठी फोन सुरू होतात. “तुमची तिथं ओळख असेलच.” पहिल्याच फोनला सरळ सांगा: “दादा, त्यांचा व्हिसा त्यांचं सरकार देतं, त्यात मी बोलू शकत नाही. अर्ज कसा भरायचा ते हवं तर सांगतो.” ‘बघतो’ म्हणालात की अडकलात.

कामातला नकार वेगळ्या घाटाचा. ‘नाही’ म्हणायच्या आधी त्यांच्या मागणीतला कुठला भाग जमण्यासारखा आहे ते सांगा, मग न जमणारा, मग पुढची भेट. बहुपक्षीय, म्हणजे अनेक देशांच्या, बैठकीत मसुद्यातला न पटलेला मजकूर चौकोनी कंसात जातो. नव्या माणसाला वाटतं, कंस म्हणजे भांडण. उलट, कंसात गेलेला मुद्दा जिवंत राहतो. कुठला कंस शेवटपर्यंत धरायचा आणि कुठला देवाणघेवाणीत सोडायचा, हे दिल्लीकडून आधी लेखी घ्या. रात्री दोन वाजता, सगळे दमलेले असताना, समोरचा सदस्य ‘एवढा एकच शब्द आहे’ म्हणतो. तो शब्द त्याने दिवसभर राखून ठेवलेला असतो.

निघताना बरोबर काय असावं

- पासपोर्ट: राजनैतिक अधिकाऱ्यांचा मरून, इतर सरकारी कर्मचाऱ्यांचा पांढरा. सर्वसाधारण निळा पासपोर्ट कामाच्या प्रवासाला वापरायचा नसतो.
- विवाह नोंदणी दाखला, मुलांचे जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, लसीकरणाच्या नोंदी. जिथे लागेल तिथे अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारी प्रमाणीकरण) करून घ्या. जोडीदाराला तिकडे नोकरी करायची असेल तर पदवीची प्रमाणपत्रंही.
- घर, शेती, बँक यांसाठी विश्वासातल्या माणसाच्या नावे नोंदणीकृत मुखत्यारपत्र. सातबाऱ्याच्या कामासाठी परत यावं लागलेले लोक मी पाहिलेत.
- आंतरराष्ट्रीय वाहन परवाना.
- एक बंदगळा किंवा चांगली साडी आणि एक गडद सूट. बाकी तिकडे घ्या.
- दोन्ही व्हिएन्ना करारांच्या छापील प्रती, कडक पुठ्ठ्याच्या वह्या, साधी पेनं.
- नेहमीची औषधं आणि त्यांची चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासह. काही देशांत आपली साधी खोकल्याची औषधंही अडवतात.

८. पोस्टिंग संपताना

बदलीचा आदेश आला की सगळे सामान बांधायच्या मागे लागतात. त्याआधी हस्तांतर टिपण लिहा. चालू प्रकरणं, प्रत्येकाची शेवटची नोट कुठल्या तारखेची, उत्तर आलं की नाही, आणि पुढचं पाऊल कोणाचं. तुरुंगात असलेल्या भारतीयांची यादी वेगळ्या पानावर, प्रत्येकाची शेवटची भेट कधी झाली त्यासह. घरच्यांना फोन करायचं वचन कोणाला दिलं आहे, तेही लिहा.

संपर्कांची यादी देताना नुसती नावं-हुद्दे देऊ नका. फोन कोण स्वतः उचलतं, सचिवामार्फतच कोणाकडे जावं लागतं, आणि डाळिंबाच्या फायलीतल्या त्या बाईंसारखी खरा निर्णय घेणारी माणसं कोण, हे सांगा. शक्य असेल तर नव्या अधिकाऱ्याला यातल्या महत्त्वाच्या लोकांकडे स्वतः घेऊन जा. वह्या मात्र बरोबर नेऊ नका, त्या सरकारच्या आहेत. नोंदवहीत चढवून, सही घेऊन, जागेवर ठेवा.